सोलापूरच्या लहान कारखान्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे उपयोजित संशोधन केंद्र द्या : महाराष्ट्र शासनास खुले पत्र

प्रति,
माननीय उद्योग मंत्री,
माननीय वस्त्रोद्योग मंत्री,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्या तिन्ही कार्यालयांकडे टपालाने पाठवत आहेच. तरीही ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की यातला प्रश्न माझ्या एकटीच्या कारखान्याचा नाही आणि त्याचे उत्तरही एका कारखान्यापुरते असून भागणार नाही.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘इंडिया एआय मिशन’साठी 10,300 कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर केली. एप्रिल 2025 मध्ये राज्य शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने मुंबई, पुणे आणि नागपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेची तीन उत्कृष्टता केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये शेतीसाठी ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरणाला मंजुरी मिळाली. या निर्णयांबद्दल माझी तक्रार नाही. शेतकऱ्याला पिकावरचा रोग वेळीच कळावा, पोलिसांचा तपास लवकर व्हावा, संशोधकांना मोठी संगणकक्षमता परवडणाऱ्या दरात मिळावी, हे कोणालाही पटेल. परंतु या साऱ्या मांडणीत प्रशासन आहे, शेती आहे, मोठे संशोधन आहे. दहा-वीस माग चालवणारा कारखानदार, त्या मागांवर पाळी करणारा विणकर, चेकिंगच्या टेबलाशी दिवसभर उभी असणारी बाई आणि माग दुरुस्त करणारा जॉबर यांचा विचार कोणी आणि कुठे केला आहे, हे मला शोधूनही सापडले नाही. तो विचार व्हावा, आणि तो घोषणेपुरता न राहता सोलापुरात उभ्या राहिलेल्या एका उपयोजित संशोधन केंद्राच्या रूपाने व्हावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

मी अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक छोटा कारखाना चालवते. माझ्या सासऱ्यांनी जुने माग विकत घेऊन तो सुरू केला. आज त्यातल्या काही मागांवर इलेक्ट्रॉनिक जकार्ड (फुले-नक्षी विणणारे साधन) आहे, बाकीचे अजून जुन्याच पद्धतीने चालतात. उद्यम नोंदणीत आम्ही ‘सूक्ष्म’ गटात येतो. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग या गटात मोडतो, आणि माझ्या आजूबाजूच्या बहुतेक शेडही याच गटातल्या आहेत. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, तिला शहर आजही जुनी गिरणी म्हणून ओळखते. त्या गिरणीसह पुढच्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या, तरी शहरातले विणकाम थांबले नाही. ते पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबांनी आधी हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर टिकवून धरले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचा कागद अभिमानाचा आहेच, पण बाजारात आम्हाला जो भाव मिळतो तो कागदावर ठरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा आम्हा छोट्यांच्या हाती असलेली एकच गोष्ट स्पष्ट झाली : सुताचा भाव, विजेचा दर आणि परदेशातले शुल्क आमच्या हाती नाही, वाया जाणारा माल कमी करणे तेवढे आमच्या हाती आहे.

तो माल कसा वाया जातो, हे थोडे सविस्तर सांगते, कारण पुढची सारी मागणी त्यावर उभी आहे. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताणा (उभे धागे) गुंडाळलेले रूळ, असतात. एका बीमवर कापडाचा पाया विणणारा ताणा असतो आणि दुसऱ्यावर टॉवेलचे लूप (सुताचे फासे) उभे करणारा पाइलचा ताणा. पाइलची एक तार तुटली आणि ती वेळेवर सांधली गेली नाही, तर टॉवेलवर उभी बोडकी रेघ पडत जाते. एका विणकराकडे एकाच वेळी अनेक माग असतात, त्यामुळे प्रत्येक तुटलेली तार त्याला तत्काळ दिसेल अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. समजा, माग मिनिटाला 150 पिक (आडवे धागे) टाकतो आणि इंचाला 40 पिक बसतात. म्हणजे मिनिटाला पावणेचार इंच कापड तयार होते. तुटलेली तार अर्धा तास नजरेतून सुटली, तर नऊ फुटांहून अधिक लांबीवर ती रेघ राहते आणि पाच फुटी दोन टॉवेल जवळजवळ पूर्ण सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातात. सूत तेवढेच लागले, वीज तेवढीच जळली, मजुरी तेवढीच द्यायची, आणि माल मात्र पडत्या भावाने विकायचा. तेलाचे डाग, दुहेरी पिक, ओढले गेलेले लूप हे आणखी वेगळे. यातले पुष्कळ दोष धुलाईनंतर चेकिंगच्या टेबलावर सापडतात. तेव्हा दोष सापडल्याचे समाधान मिळते, पण टॉवेल परत मिळत नाही.

म्हणजे दोष मागावरच, आणि काही मिनिटांतच कळायला हवा. कॅमेरा आणि त्याच्या मागे बसवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करू शकते. कापडातले दोष चित्रावरून ओळखण्यावर जगभर भरपूर काम झालेले आहे. मग आमच्याकडे ते का येत नाही? याचे उत्तर मला एका कंपनीच्या प्रात्यक्षिकात मिळाले. बाहेरगावच्या त्या कंपनीने आमच्या शेडमध्ये आपले यंत्र आणून दाखवले. माणसे हुशार होती, वागणे सरळ होते. पण ते यंत्र थानाचे सपाट कापड तपासणीच्या टेबलावरून वेगाने सरकत असताना पाहण्यासाठी घडवलेले होते. त्याला आमच्या जकार्डचे फूल दोष वाटले. लूपच्या सावल्या त्याला डाग वाटल्या. पाळी निम्म्यावर येईपर्यंत भिंगावर सुताचा भुगा साचला आणि त्यानंतर त्याने जे काही दाखवले त्याला अर्थ राहिला नाही. मागणी केलेली किंमत आणि वर्षाचे शुल्क मोठ्या गिरणीच्या हिशोबाचे होते. आणि प्रात्यक्षिकात घेतलेली आमच्या कापडाची सारी छायाचित्रे, आमच्या डिझाइनसकट, त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या करारात तसे लिहिलेलेच होते.

त्या दिवशी आमच्या जॉबरने विचारलेला प्रश्न मला आजही त्या यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. कापड इतके सावकाश पुढे जाते, तर एवढा वेगवान कॅमेरा कशाला, असे त्याने विचारले. हिशोब करून पाहावा : मिनिटाला पावणेचार इंच कापड निघत असेल, तर सहा इंच लांबीचा पट्टा टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मिनिटाला एक छायाचित्र काढले तरी एकही दोरा पाहायचा राहत नाही. मग महागडा कॅमेरा नको, दूरवरचा मोठा संगणक नको; मागाशेजारी ठेवलेला एक छोटा संगणक, एक-दोन साधे कॅमेरे, लूप उठून दिसावेत म्हणून कापडावर तिरपा पडणारा प्रकाश आणि भिंगावरचा भुगा उडवणारी हवेची नळी, एवढ्यावर काम होण्याची शक्यता आहे. मागाच्या हादऱ्याने चित्र पुसट होते का, पांढऱ्यावर पांढऱ्या टॉवेलमधली तार दिसते का, रात्रीच्या पाळीत वीज जाऊन आली तर यंत्र आपोआप सुरू होते का, हे प्रश्न उरतातच. पण ते कापडाशेजारी बसून, प्रयोग करून सुटणारे प्रश्न आहेत. विक्रेता तो वेळ देणार नाही, कारण त्याला तयार वस्तू विकायची आहे. विद्यापीठातला संशोधक देणार नाही, कारण त्याच्या शोधनिबंधात सुताच्या भुग्याला जागा नाही. कारखानदार देऊ शकत नाही, कारण माग बंद ठेवून प्रयोग करणे त्याला परवडत नाही. या तिघांच्या मधली जी मोकळी जागा आहे, ती भरून काढणे हे उपयोजित संशोधन केंद्राचे काम आहे.

महोदय, आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की आमच्या दारात येणारा प्रत्येक जण काहीतरी विकायला येतो. ‘हे तुमच्या कामाचे नाही, घेऊ नका’ असे सांगणारा निःपक्ष जाणकार आम्हाला उपलब्ध नाही. मोठ्या उद्योगाकडे स्वतःचा तंत्रज्ञान विभाग असतो, तो शंभर प्रस्तावांतले नव्वद नाकारू शकतो. आमच्याकडे हिशोबनीस आहे आणि जॉबर आहे. एक चुकीची खरेदी झाली की आमच्यासारख्याचे तीन-चार वर्षांचे नवे काही करण्याचे धाडस संपते, आणि शेजारच्या पाच कारखान्यांतही ‘त्यांचे काय झाले पाहिलेत ना’ ही गोष्ट पोचते.

दुसरी तक्रार अनुदानाच्या रीतीबद्दल आहे. वस्त्रोद्योगाच्या योजनांचा भर वर्षानुवर्षे यंत्रखरेदीवरच्या भांडवली अनुदानावर राहिला आहे. यंत्राच्या बिलावर सवलत मिळते. ते यंत्र आपल्याला लागू पडेल का हे घेण्यापूर्वी तपासून पाहण्यावर मिळत नाही. परिणामी चाचणीचा सारा धोका सर्वांत लहान उद्योजकाच्या माथी येतो.

तिसरी तक्रार प्रशिक्षणाबद्दल आहे. मी अशा एका कार्यक्रमाला गेले होते. सभागृहात पडद्यावर जगभरातल्या कारखान्यांची चित्रे दाखवली गेली, चॅटबॉटला इंग्रजीत पत्र कसे लिहायला सांगावे हे शिकवले गेले, प्रमाणपत्रे वाटली गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये येऊन ‘दाखवा, तुमची अडचण काय आहे’ असे विचारायला कोणी आले नाही. वक्त्यांनी कष्ट घेतले होते, त्यांना दोष देत नाही; दोष त्या आखणीचा आहे, जिच्यात हजेरी मोजली जाते आणि पुढे काय झाले हे मोजले जात नाही.

चौथी तक्रार भाषेची. आमच्याकडे विणकर आपसात तेलुगूत बोलतात, हिशोब मराठीत होतो, सुताच्या दलालाशी हिंदी चालते आणि निर्यातदाराचा ईमेल इंग्रजीत येतो. भाषिणीसारखा शासकीय भाषाप्रकल्प 2022 पासून देशात आहे. तरीही मागाच्या बिघाडाची नोंद विणकराने आपल्या सोलापुरी तेलुगूत बोलून करावी आणि ती जॉबरला मराठीत दिसावी, एवढी साधी सोय कोणी जोडून दिलेली नाही. यात अवघड असे शोधकार्य थोडे आहे, जोडकाम जास्त आहे. आणि जोडकाम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

पाचवी तक्रार आमच्या माहितीच्या मालकीची. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठी आहे. कॅमेऱ्यात टिपला गेलेला कामगाराचा चेहरा त्यात येतो; आमचे डिझाइन, मागाचा वेग, कोणत्या महिन्यात किती माल गेला, ही धंद्याची माहिती त्यात येत नाही. तिचे रक्षण कराराने करावे लागते आणि करार लिहितो तो विक्रेता. ज्या शहराच्या चादरीची नक्कल ही जुनी दुखरी बाब आहे, त्या शहरातल्या कारखानदाराने आपली सारी डिझाइने अनोळखी संगणकावर सोपवावीत, ही अपेक्षा वाजवी नाही.

एक गोष्ट येथेच नोंदवते, कारण ती या विषयाच्या बैठकांत राहून जाते. आमच्याकडे दोषाचा भार अनेकदा विणकराच्या मजुरीवर पडतो. मागावर कॅमेरा आला की कामगाराच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आता प्रत्येक तुटलेल्या तारेचे पैसे कापले जातील. ही भीती निराधार नाही. मी मालक आहे, तरी मला असे वाटते की यंत्राच्या नोंदीवरून मजुरीत कपात करण्याची मुभा राहिली, तर हे तंत्रज्ञान सोलापुरात रुजणार नाही आणि रुजूही नये. तार का तुटते याची कारणे बहुधा सुताच्या दर्जात, साईझिंगमध्ये (ताण्याला खळ लावण्यात) आणि मागाच्या देखभालीत असतात. कॅमेऱ्याची नोंद तिकडे बोट दाखवण्यासाठी वापरली गेली, तर विणकर आणि मालक दोघांचेही हित आहे.

आता कोणी म्हणेल की हे सारे स्वप्नरंजन आहे, म्हणून इतरत्र काय चालते तेही सांगते. जर्मनीत फ्राउनहोफर ही संस्था 1949 पासून हेच काम करते. सत्तरहून अधिक संशोधन संस्थांचे तिचे जाळे आहे, एकूण निधीचा सुमारे एक तृतीयांश भाग मूळ निधी म्हणून सरकार देते आणि उरलेला बहुतांश पैसा उद्योगांकडून व सार्वजनिक प्रकल्पांकडून काम घेऊन मिळवावा लागतो. त्यामुळे संशोधकाला कारखान्यात जावेच लागते. त्याच देशात लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या केंद्रांतून ‘एआय प्रशिक्षक’ कंपन्यांमध्ये जाऊन त्यांच्या अडचणी समजून घेतात. युरोपीय संघाच्या डिजिटल नवोन्मेष केंद्रांच्या कामात ‘गुंतवणुकीआधी चाचणी’ हा ठरवून दिलेला भाग आहे. सिंगापूरने 2017 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कंपनीने आपली खरी अडचण आणायची, खर्चाचा वाटा उचलायचा आणि केंद्राचे अभियंते व शिकाऊ उमेदवार मिळून तिचे चालते उत्तर तयार करायचे, अशी पद्धत बसवली. त्या उमेदवारांना शिकण्यासाठी खरा प्रश्न मिळतो आणि कंपनीला माणसे मिळतात.

हे परक्यांचे अनुकरण म्हणून मागत नाही. आपल्याच देशात 1947 मध्ये अहमदाबादला ‘अटिरा’, 1954 मध्ये मुंबईला ‘बीट्रा’ आणि 1956 मध्ये कोइंबतूरला ‘सिट्रा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्था निघाल्या. अटिराच्या उभारणीत विक्रम साराभाई होते. स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात, पैशांची चणचण असताना, गिरणी उद्योग आणि सरकार यांनी मिळून एवढे ओळखले होते की विज्ञान आणि कारखाना यांच्यामध्ये एक संस्था लागते. आज पैसा अधिक आहे, साधने स्वस्त आहेत, आणि तरीही यंत्रमागाच्या गावांना तशी संस्था या नव्या तंत्रासाठी मिळालेली नाही.

आणि सोलापूरकरांनी तर ही गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. 2005 पासून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्या रोगाने बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या तेव्हा त्यावर तेथे काम झाले. लोह आणि जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण तेथेच तयार झाला. डाळिंबाला जे मिळाले ते टॉवेलला का मिळू नये? आमच्या शहरात 2004 पासून विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, संगणकशास्त्र शिकणारी मुले-मुली दरवर्षी बाहेर पडतात आणि बहुतेक जण रात्रीच्या गाडीने पुण्याला जातात. त्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोंडी परीक्षेच्या दिवशी संपतो. तोच प्रकल्प एखाद्या मागावर वर्षभर चालला असता, तर त्यातल्या काहींना येथेच राहण्याचे कारण मिळाले असते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. सोलापुरात लहान उद्योगांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे उपयोजित संशोधन केंद्र स्थापन करावे. त्याची सुरुवात टॉवेल, चादर आणि गणवेश शिलाई या उद्योगांपासून करावी. ते मोठ्या इमारतीत नको; एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये, चार-सहा चालत्या मागांसह असावे, म्हणजे आमचे उत्पादन न थांबवता प्रयोग करता येतील. मोठ्या संगणकक्षमतेची गरज लागली तर ती इंडिया एआय मिशनमधून भाड्याने मिळू शकते. येथे ती उभारण्यात पैसा घालू नये. पैसा माणसांवर खर्च करावा.

दोन. केंद्राची माणसे आमच्याकडे यावीत. पहिल्या भेटीचे शुल्क नसावे. अडचण ऐकून, माल पाहून, माहिती तपासून त्यांनी लेखी अभिप्राय द्यावा, आणि ‘या कामाला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही’ हा अभिप्रायही तितक्याच सन्मानाने द्यावा. मला खात्री आहे की अनेक कारखान्यांत पहिले उत्तर हेच येईल : आधी मागनिहाय बिघाडाची वही नीट ठेवा, विजेचे बिल महिनावार मांडा, सेकंड माल कोणत्या मागावरून आला ते लिहा. त्या वहीशिवाय पुढचे काहीच होत नाही. हे सांगायलाही बाहेरचा विश्वासू माणूस लागतो.

तीन. वस्त्रोद्योग धोरणातल्या अनुदानाचा काही भाग यंत्रखरेदीऐवजी चाचणीसाठी राखून ठेवावा. केंद्रात किंवा कारखान्यात ठरावीक मुदतीची चाचणी व्हावी, तिचे निकष आधी ठरावेत : किती दोष पकडले, किती वेळा उगाच माग थांबवला, वाचलेल्या मालाची किंमत खर्चापेक्षा जास्त आहे का. सूक्ष्म उद्योगाने खर्चाचा लहान वाटा उचलावा. फुकट मिळालेल्या गोष्टीकडे आम्हीही लक्ष देत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. फसलेल्या चाचण्यांचे अहवालही, कारखान्याचे नाव न देता, मराठीत प्रसिद्ध करावेत, कारण दुसऱ्याचे फसलेले प्रयोग आम्हाला यशोगाथांपेक्षा जास्त शिकवतील.

चार. माहितीच्या मालकीचा एक साधा, मराठीतला नमुना करार शासनाने तयार करावा. छायाचित्रे आणि नोंदी कारखानदाराच्या राहतील, प्रयोग संपल्यावर त्या परत मिळतील वा पुसल्या जातील, आणि दोष ओळखायला शिकवलेली प्रणाली सोलापुरातल्या इतर कारखान्यांना वापरता येईल की नाही, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरेल. अनेक कारखान्यांनी संमतीने दोषांची चित्रे एकत्र दिली, तर सर्वांसाठी एक चांगली प्रणाली घडू शकते. ती संमती विश्वासावर मिळते आणि विश्वासाला लेखी आधार लागतो.

पाच. केंद्राच्या नियामक समितीत यंत्रमागधारकांच्या आणि कामगारांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत, त्यात चेकिंग आणि शिलाई करणाऱ्या महिलांचा प्रतिनिधी असावाच. केंद्राच्या मदतीने बसवलेल्या कोणत्याही यंत्राच्या नोंदीवरून मजुरीत कपात करू नये, ही अट करारातच असावी. चेकिंगमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या बाईला लूपवरून हात फिरवताच दोष कळतो. प्रणालीला दोष ओळखायला शिकवण्याचे काम तिच्याशिवाय होणार नाही. त्या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळावा आणि त्या कामासाठी तिला प्रशिक्षित पद मिळावे.

सहा. विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना केंद्रात विद्यावेतनासह किमान एक वर्ष उमेदवारी मिळावी. जॉबरांनाही तेथे प्रवेश असावा. पदवी नसल्याने तो अडू नये. शिकवणे मराठीत आणि तेलुगूत व्हावे.

सात. केंद्राचे मोजमाप हजेरीपटावर होऊ नये. वर्षाच्या शेवटी किती कारखान्यांत बसवलेली गोष्ट प्रत्यक्ष चालू आहे, किती सेकंड माल कमी झाला, किती जणांना ‘घेऊ नका’ असे सांगून त्यांचे पैसे वाचवले, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत.

हे केंद्र सोलापुरात उभे राहिले तर त्याचा उपयोग इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी येथील मागांनाही होईल. प्रत्येक गावचे कापड निराळे आहे, तरी तुटलेली तार आणि भिंगावरचा भुगा सगळीकडे सारखाच आहे. ही गावे आमची स्पर्धक आहेत म्हणून त्यांना वगळावे, असे मला वाटत नाही.

आमच्या बाजूने काय देता येईल, तेही लिहिते. माझ्या कारखान्यातले दोन माग, एक जकार्डचा आणि एक साधा, चाचणीसाठी वर्षभर उपलब्ध करून द्यायला मी तयार आहे. सेकंडमध्ये गेलेले टॉवेल, दोषासकट, प्रणालीला शिकवण्यासाठी देईन. कामगारांशी याबद्दल बोलणे झाले आहे. मजुरीच्या अटीवर ते राजी आहेत. परिसरातल्या काही कारखानदारांनीही असेच सहकार्य देण्याचे कबूल केले आहे आणि त्यांच्या सह्यांचे निवेदन मी टपालातल्या प्रतीसोबत जोडले आहे.

आपणास विनंती आहे की तिन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक सोलापुरात, शक्यतो अक्कलकोट रोडच्या एखाद्या चालत्या शेडमध्ये घ्यावी आणि येत्या अर्थसंकल्पात या केंद्रासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष व तरतूद करावी. प्रस्ताव मान्य नसेल तर त्याची कारणे लेखी कळवावीत, म्हणजे आम्हाला त्यावर उत्तर देता येईल आणि प्रस्तावात सुधारणा करून तो पुन्हा मांडता येईल.

आपली विश्वासू,
सोलापुरातील एक टेरी टॉवेल उत्पादक,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर